सीमेपलीकडचा एक दिवस : सिंगापूर–जोहोर बाहरू दरम्यानच्या खरेदी व खाद्यप्रवासाचे आर्थिक-सामाजिक विवेचन

सारांश

दोन देशांच्या सीमेवर राहणारे लोक सुट्टीच्या दिवशी पलीकडच्या गावी जातात, तेथे जेवतात, खरेदी करतात आणि रात्री घरी परततात. असा एकदिवसीय प्रवास जगाच्या अनेक भागांत रूढ आहे. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सिंगापूर आणि मलेशियातील जोहोर बाहरू या दोन शहरांमधील रोजची ये-जा. या प्रवासामागील ऐतिहासिक घडण, स्वस्ताईची कारणे, शासकीय बंधने आणि दोन्ही बाजूंच्या जनजीवनावरील परिणाम यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. हा प्रवास वरकरणी केवळ विरंगुळ्याचा वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र दोन देशांतील वेतनमानाची तफावत आहे, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

मुख्य संज्ञा : सीमापार खरेदी, विनिमय दर, अव्यापारी सेवा, कॉजवे, रिंगिट.

प्रस्तावना

पर्यटन म्हटले की दूरचा प्रवास, मुक्काम आणि प्रेक्षणीय स्थळे यांचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. पर्यटनाचा एक प्रकार मात्र या चौकटीत बसत नाही. त्यात मुक्काम नसतो, प्रेक्षणीय स्थळांची यादी नसते आणि सामानही फारसे नसते. सकाळी रिकामी पिशवी घेऊन निघावे आणि सायंकाळी भरलेल्या पिशवीने व तृप्त मनाने परतावे, एवढाच त्याचा हेतू असतो. एरवी आठवड्याच्या बाजारासारखा वाटणारा हा उपक्रम आंतरराष्ट्रीय ठरतो, तो केवळ वाटेत सीमा लागते म्हणून.

सिंगापूर आणि जोहोर बाहरू यांना जोडणारा रस्ता जगातील अत्यंत वर्दळीच्या भूसीमांपैकी एक मानला जातो. या मार्गाने दररोज सुमारे ३ लाख लोक ये-जा करतात. दुसरा पूल जमेस धरला, तर सणासुदीच्या व शालेय सुट्ट्यांच्या काळात दोन्ही नाक्यांवर मिळून ही संख्या एका दिवसात ५ लाखांच्या वर गेलेली आहे. सिंगापूरची एकूण लोकसंख्या सुमारे ६० लाख आहे, हे लक्षात घेता या आकड्याचे महत्त्व स्पष्ट होते.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) सिंगापूर–जोहोर सीमेच्या घडणीचा थोडक्यात परिचय करून देणे.
२) सीमेपलीकडील स्वस्ताईची कारणे अर्थशास्त्रीय दृष्टीने स्पष्ट करणे.
३) एकदिवसीय प्रवासातील वास्तविक बचतीचा विचार करणे.
४) या प्रवासाचे दोन्ही बाजूंच्या समाजावरील परिणाम तपासणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन प्रकाशित माहितीवर आधारलेले आहे.

सीमेची घडण

सिंगापूर बेट आणि मलाय द्वीपकल्प यांच्यामध्ये जोहोरची अरुंद सामुद्रधुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी माणसे व माल होड्यांतून पलीकडे नेले जात. रबर आणि कथिल यांचा व्यापार वाढला, तेव्हा ही व्यवस्था अपुरी पडू लागली. १९१९ मध्ये समुद्रात दगडांचा भराव टाकून रस्ता व लोहमार्ग बांधण्याचे काम सुरू झाले. १९२३ मध्ये त्यावरून आगगाड्या धावू लागल्या आणि जून १९२४ मध्ये त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. सुमारे १ किलोमीटर लांबीच्या या भरावमार्गाला ‘कॉजवे’ असेच म्हणतात. कुलाबा आणि माहीम येथील कॉजवेंमुळे हा शब्द मुंबईकरांना अपरिचित नाही. ३१ जानेवारी १९४२ रोजी जपानी फौजांना रोखण्यासाठी माघार घेणाऱ्या सैन्याने या मार्गाचा एक भाग स्फोटाने उडवला. परंतु तो लवकरच पुन्हा वापरात आला.

त्या काळी या मार्गावर आजच्या अर्थाने आंतरराष्ट्रीय सीमा नव्हती. ९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर मलेशियापासून वेगळे झाले आणि १९६७ पासून येथे पारपत्रांची तपासणी सुरू झाली. जी दोन गावे एकमेकांची उपनगरे असल्यासारखी नांदत होती, ती अशा रीतीने दोन राष्ट्रांत विभागली गेली. नातीगोती, खाण्याच्या सवयी आणि भाषा मात्र दोन्हीकडे तशाच राहिल्या. या प्रवासात परकेपणा फारसा जाणवत नाही, याचे कारण या इतिहासात आहे.

२ जानेवारी १९९८ रोजी बेटाच्या पश्चिमेस तुआस येथून दुसरा पूल वाहतुकीस खुला झाला. मोटारींची काही वाहतूक तिकडे वळली. शहराच्या मध्यात थेट उतरता येत असल्याने पायी व बसने येणाऱ्या प्रवाशांचा ओढा मात्र जुन्या कॉजवेकडेच राहिला.

दिवसाचा क्रम

प्रवासाचा क्रम ठरलेला असतो. प्रवासी बसने वुडलँड्स येथील सिंगापूरच्या नाक्यावर येतो, तेथे उतरून तपासणी पूर्ण करतो आणि पुन्हा बसमध्ये बसून कॉजवे ओलांडतो. पलीकडे सुलतान इस्कंदर इमारतीत मलेशियाची तपासणी होते. डिसेंबर २००८ मध्ये वापरात आलेल्या या इमारतीतून आच्छादित पादचारी पुलाने रेल्वे स्थानकाकडे आणि तेथून ‘सिटी स्क्वेअर’ या बाजारसंकुलाकडे जाता येते. म्हणजेच सीमा ओलांडताच प्रवासी दुकानांच्या दारात उभा असतो. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेली ‘शटल तेब्राउ’ ही रेल्वेगाडी हेच अंतर अवघ्या ५ मिनिटांत कापू लागली. तिची तिकिटे मात्र सुट्टीच्या दिवसांसाठी फार आधीच संपतात.

पलीकडे पोहोचल्यावर दिवसाचे साधारण तीन भाग पडतात. सकाळी न्याहारी व जुन्या बाजारपेठेतील फेरफटका. दुपारी केशकर्तनालय, अंगमर्दन, चष्म्याचे दुकान, दंतवैद्य किंवा गाडी धुण्याचे केंद्र. आणि सायंकाळी किराणा, धुण्याची पूड, लहान मुलांचे कपडे यांची खरेदी करून रात्रीचे जेवण. मोटारीने येणारी कुटुंबे २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘मिड व्हॅली साउथकी’सारख्या मोठ्या संकुलांकडे किंवा कुलाई येथील ‘जोहोर प्रीमियम आउटलेट्स’कडे जातात. बसने येणारे मात्र स्थानकाच्या परिसरातच रमतात.

या यादीकडे बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. प्रवाशाचा पुष्कळसा खर्च पिशवीत घालून नेता येणाऱ्या वस्तूंवर न होता तेथेच उपभोगल्या जाणाऱ्या सेवांवर होतो. असे का व्हावे, याचे उत्तर स्वस्ताईच्या कारणांत दडलेले आहे.

स्वस्ताईची मीमांसा

पहिले कारण चलनाचे आहे. मे १९७३ पर्यंत मलेशिया व सिंगापूर यांची चलने समान मूल्याने अदलाबदल करता येत. त्या वेळी १०० सिंगापुरी डॉलर घेऊन पलीकडे गेलेल्या माणसाच्या हाती १०० मलेशियन डॉलर पडत. तो करार संपुष्टात आल्यावर दोन्ही चलनांच्या वाटा वेगळ्या झाल्या. सिंगापूरच्या मध्यवर्ती यंत्रणेने १९८१ पासून व्याजदराऐवजी विनिमय दराच्या आधारे महागाई आटोक्यात ठेवण्याचे धोरण स्वीकारले आणि आपल्या चलनाला हळूहळू वधारू दिले. मलेशियाने १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटानंतर सप्टेंबर १९९८ मध्ये रिंगिटचा दर एका अमेरिकी डॉलरला ३.८० असा बांधून टाकला, तो जुलै २००५ मध्ये मोकळा केला. या दीर्घ प्रक्रियेचा परिणाम असा, की अलीकडच्या वर्षांत एका सिंगापुरी डॉलरला तीनहून अधिक रिंगिट मिळत आले आहेत.

तथापि केवळ विनिमय दराने स्वस्ताईचा उलगडा होत नाही. चलन स्वस्त झाले तरी त्या देशातील किमती त्याच प्रमाणात वाढल्या, तर बाहेरच्या ग्राहकाला काहीच लाभ होणार नाही. म्हणून दुसरे कारण पाहावे लागते. अर्थशास्त्रज्ञ बेला बलासा आणि पॉल सॅम्युअल्सन यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेला विचार येथे मार्गदर्शक ठरतो. भ्रमणध्वनी, संगणक यांसारख्या वस्तू जहाजाने वा विमानाने कोठेही नेता येतात. त्यामुळे त्यांच्या किमती सर्वत्र एकमेकींच्या जवळ येतात. केस कापणे, जेवण रांधून वाढणे, गाडी धुणे या सेवा मात्र निर्यात करता येत नाहीत. ज्या देशाची औद्योगिक उत्पादकता अधिक, तेथे वेतनमान चढे असते. ते वेतन न्हाव्यालाही द्यावे लागते, कारण अन्यथा तो दुसरा धंदा पत्करेल. न्हाव्याची कात्री दोन्ही देशांत तितकीच झपझप चालते. परंतु एकीकडे त्याच्या श्रमाला आणि दुकानाच्या भाड्याला कितीतरी अधिक दाम पडतो.

यावरून वरील निरीक्षणाचा अर्थ लागतो. भ्रमणध्वनी घेण्यासाठी कोणी सीमा ओलांडण्याचे फारसे कारण नाही. केस कापण्यासाठी, मालिश करून घेण्यासाठी आणि जेवण्यासाठी मात्र आहे. सेवा सीमेपलीकडे पाठवता येत नाही, म्हणून ग्राहक स्वतःच सेवेकडे जातो.

तिसरे कारण करांचे आहे. सिंगापूरमध्ये वस्तू व सेवा कर १९९४ मध्ये ३ टक्क्यांनी सुरू झाला. २००७ मध्ये तो ७ टक्के, २०२३ मध्ये ८ टक्के आणि २०२४ मध्ये ९ टक्के झाला. मलेशियाने २०१५ मध्ये लागू केलेला अशा स्वरूपाचा कर २०१८ मध्ये रद्द करून पूर्वीची विक्री व सेवा कराची पद्धत पुन्हा स्वीकारली. मद्य, तंबाखू आणि मोटारी यांवरील सिंगापूरचे कर तर फारच जड आहेत. तरीही एकूण स्वस्ताईत करांचा वाटा चलन व वेतन यांच्या मानाने लहान आहे, हे नमूद केले पाहिजे.

खाद्यसंस्कृती

केवळ स्वस्त म्हणून माणूस तासभर रांगेत उभा राहत नाही. चव हेही प्रबळ आकर्षण असते. जोहोर बाहरूच्या जुन्या भागातील तान हिओक नी मार्ग व त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत चिनी, मलाय आणि भारतीय खाद्यपरंपरा शेजारी शेजारी नांदतात. तेथील हिआप जू बेकरी लाकडाच्या भट्टीत भाजलेल्या केळ्याच्या केकसाठी प्रसिद्ध आहे, तर जवळच्याच सलाहुद्दीन बेकरीत भारतीय वळणाचे पाव व सारण भरलेले पदार्थ मिळतात. माशाच्या डोक्याची आमटी खाण्यासाठी लोक दुकान उघडण्यापूर्वीच रांग लावतात.

‘लाक्सा जोहोर’ या पदार्थाची कथा रंजक आहे. लाक्सा म्हणजे माशाच्या दाट रश्शातील शेवयांचा पदार्थ. अन्यत्र तो तांदळाच्या शेवयांनी करतात; जोहोरमध्ये मात्र त्यात इटालियन स्पॅगेटी घालतात. एकोणिसाव्या शतकातील सुलतान अबू बकर यांना युरोपच्या प्रवासात स्पॅगेटीची गोडी लागली आणि ती राजवाड्याच्या स्वयंपाकघरात आली, अशी आख्यायिका सांगितली जाते. मुआर गावचे ‘ओताक-ओताक’, म्हणजे पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेले मसालेदार मासळीचे सारण, परतीच्या पिशवीत हमखास आढळते.

सिंगापूरमधील ज्येष्ठ नागरिकांच्या दृष्टीने या खाण्याला आणखी एक अर्थ आहे. वाढत्या भाड्यामुळे आणि पुढची पिढी धंद्यात न उतरल्याने बेटावरील अनेक जुनी खानावळी बंद पडली. कोळशावर शिजणारी, हाताने वळलेली ती चव कॉजवेपलीकडे अद्याप सापडते, अशी त्यांची भावना असते.

शासकीय बंधने

दोन्ही सरकारांना या प्रवासाची जाणीव आहे आणि ज्या बाबतीत महसुलाला अधिक धक्का बसतो, त्या बाबतीत त्यांनी कुंपणे घातली आहेत.

सर्वांत उल्लेखनीय नियम इंधनाचा आहे. सिंगापूरची मोटार मलेशियात जाताना तिची टाकी किमान निम्मी भरलेली असावी, असा दंडक १९८९ मध्ये आला. १९९१ मध्ये ही मर्यादा तीन-चतुर्थांश करण्यात आली. रिकाम्या टाकीने जाऊन स्वस्त पेट्रोल भरून येण्याचा मार्ग अशा रीतीने बंद करण्यात आला. मलेशियानेही २०१० पासून अनुदानित पेट्रोल परदेशी वाहनांना विकण्यास मनाई केली. आपल्या करदात्याच्या पैशातून शेजारच्या श्रीमंताची टाकी भरू नये, हा त्यामागील विचार समजण्यासारखा आहे. एकाच वस्तूवर दोन्ही बाजूंनी, परस्परविरुद्ध कारणांसाठी बंदी यावी, हे सीमावर्ती अर्थव्यवहाराचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

परतणाऱ्या प्रवाशाच्या पिशवीवरही नियम आहेत. २०१९ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार ४८ तासांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेल्या व्यक्तीस १०० सिंगापुरी डॉलरपर्यंतच्या नव्या वस्तूंवर करमाफी मिळते. त्याहून अधिक काळ राहिलेल्यास ती मर्यादा ५०० डॉलर आहे. मलेशियातून आणलेल्या मद्यावर सूट नाही आणि सिगारेटवर तर कोठूनही आणली तरी नाही. मांस व अंडी यांवर उगमस्थान व प्रमाण यांची बंधने आहेत. पोटात घालून आणलेल्या जेवणावर मात्र कोणताही कर लागत नाही. सेवांकडे असलेल्या ओढ्याला हे आणखी एक कारण आहे.

भारतीय पर्यटकांच्या दृष्टीने एक बाब महत्त्वाची आहे. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पारपत्रधारकांना ३० दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसामाफी दिली. त्यामुळे सिंगापूरला गेलेल्या कुटुंबास जोहोरची फेरी सोपी झाली. तथापि ही सवलत मुदतीची आहे आणि परतताना सिंगापूरमध्ये पुन्हा प्रवेश करावयाचा असतो. आपल्या व्हिसावर एकाहून अधिक प्रवेशांची मुभा आहे की नाही, हे निघण्यापूर्वीच पाहणे श्रेयस्कर.

बचतीचा वास्तविक हिशेब

हा प्रवास खरोखर किती स्वस्त पडतो, हे एका गृहीत उदाहरणाने पाहू. तिघांच्या कुटुंबाला दोन वेळचे जेवण, केशकर्तन व किराणा यांसाठी सिंगापूरमध्ये १५० डॉलर लागतात असे मानू. पलीकडे त्याच गोष्टींना २४० रिंगिट पडले आणि विनिमय दर ३.२ धरला, तर खर्च ७५ डॉलर होतो. प्रवासभाड्याचे १२ डॉलर वजा जाता बचत ६३ डॉलर उरते. जाता-येता मिळून सीमेवर तीन तास गेले, तर तिघांचे नऊ मनुष्यतास खर्ची पडले. म्हणजे रांगेतील प्रत्येक तासाचे मोल ७ डॉलर झाले.

ज्या गृहस्थाला आपला तास याहून मोलाचा वाटतो, त्याला ही बचत तोट्याची आहे. लोक तरीही जातात. त्याचा अर्थ असा, की ते केवळ बचतीसाठी जात नाहीत. घरी तेवढ्याच पैशांत एक साधे जेवण झाले असते. येथे भरपेट जेवण, मालिश आणि मुलांना खेळणे असा संपूर्ण दिवस साजरा होतो. अर्थात रांग सहा तासांवर गेली, तर तासाचे मोल निम्म्यावर येते आणि आरामही संपतो. म्हणूनच जाणकार मंडळी शाळांच्या सुट्ट्या आणि चिनी नववर्षाचा आठवडा टाळून एरवीच्या मंगळवारी वा बुधवारी निघतात. जोहोर राज्याने १ जानेवारी २०२५ पासून शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवार अशी साप्ताहिक सुट्टी पुन्हा स्वीकारल्याने दोन्ही तीरांची सुट्टी आता एकाच वेळी येते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

दोन्ही तीरांवरील परिणाम

या प्रवासाचा विचार करताना त्याच रस्त्यावरील उलट दिशेची ये-जा विसरून चालणार नाही. पहाट होण्यापूर्वीच हजारो मलेशियन कामगार दुचाकींवरून व बसमधून सिंगापूरच्या दिशेने निघतात. कारखाने, रुग्णालये, उपाहारगृहे आणि बांधकामे येथे काम करून ते रात्री घरी परततात. मलेशियातील किमान मासिक वेतन फेब्रुवारी २०२५ पासून १,७०० रिंगिट झाले. वरील दराने ते सुमारे ५३० सिंगापुरी डॉलर भरते. सिंगापूरमध्ये याच्या कितीतरी पट मिळकत होत असल्याने झोपेचे तास मोडून माणसे सीमा ओलांडतात. सिंगापूरच्या कुटुंबाला जे जेवण स्वस्त वाटते, ते स्वस्त असण्याचे कारण आणि वाढप्याचा भाऊ पहाटे चार वाजता दुचाकी काढतो त्याचे कारण एकच आहे.

याचा परिणाम जोहोर बाहरूच्या नागरिकांना दोन प्रकारे जाणवतो. सिंगापुरी ग्राहकांमुळे दुकाने, उपाहारगृहे आणि दवाखाने चालतात, रोजगार निर्माण होतो. दुसरीकडे, परकीय चलनाच्या आधारावर भाडी व किमती ठरू लागल्या, की रिंगिटमध्ये पगार घेणाऱ्या स्थानिकांना आपल्याच शहरात परवडेनासे होते. कुशल कामगार सीमेपलीकडे गेल्याने येथील व्यावसायिकांना माणसे मिळणे कठीण होते. सिंगापूरमध्ये लहान दुकानदार व खानावळवाले सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाईक गमावतात.

हे परस्परावलंबन किती खोल आहे, ते महासाथीच्या काळात दिसून आले. १८ मार्च २०२० रोजी मलेशियाने आपल्या सीमा बंद केल्या आणि नेहमी गजबजलेला कॉजवे ओस पडला. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस मर्यादित प्रवास सुरू झाला. लसीकरण झालेल्या सर्वांसाठी भूसीमा १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. मधल्या दोन वर्षांत अनेक कुटुंबे दुभंगली. कामगार सिंगापुरात अडकले, त्यांची मुले एका किलोमीटरच्या पाण्यापलीकडे राहिली. जोहोर बाहरूच्या मध्यवर्ती भागातील अनेक दुकानांना टाळी लागली.

त्यानंतर दोन्ही सरकारांनी प्रवास सुकर करण्यावर भर दिला. मार्च २०२४ पासून सिंगापूरच्या नाक्यांवर मोटारीतील प्रवाशांना पारपत्राऐवजी सांकेतिक चित्र दाखवून जाता येऊ लागले. ७ जानेवारी २०२५ रोजी जोहोर–सिंगापूर विशेष आर्थिक क्षेत्राचा करार झाला. वुडलँड्स नॉर्थ ते बुकित चागार या सुमारे ४ किलोमीटरच्या ‘आरटीएस लिंक’ रेल्वेमार्गाची आखणी दर तासाला प्रत्येक दिशेने १०,००० प्रवासी नेण्याच्या क्षमतेची आहे. दोन्ही देशांची तपासणी निघण्याच्या स्थानकावरच उरकण्याची त्यात योजना आहे. रांगेचा तास कमी झाला, की वरील हिशेबातील बचत वाढेल, प्रवासी वाढतील आणि किमतींवरील ताणही वाढेल, असे अनुमान काढता येते.

निष्कर्ष

१) सीमेपलीकडील स्वस्ताई चलन, वेतन व कर या तीन कारणांनी घडते, त्यांपैकी वेतनातील तफावत मूलभूत आहे.
२) एकदिवसीय प्रवासात वस्तूंपेक्षा जागेवरच उपभोगल्या जाणाऱ्या सेवांचे आकर्षण अधिक असते, कारण त्या निर्यात होत नाहीत आणि परतीच्या वेळी त्यांवर करही लागत नाही.
३) रांगेतील वेळ जमेस धरल्यास पैशांची बचत माफक ठरते; प्रवासाचे खरे फलित विरंगुळा हेच असते.
४) ग्राहकांची एका दिशेची आणि श्रमिकांची विरुद्ध दिशेची ये-जा ही एकाच कारणाची दोन रूपे आहेत.

महाराष्ट्राच्या संदर्भात तुलना करावयाची, तर गोव्याच्या सीमेवरील मद्य व इंधन यांच्या खरेदीची आठवण होते. तेथे चलन एकच आहे; फरक पडतो तो मुख्यतः राज्यांच्या करांमुळे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर बहुतेक वस्तूंवरील असा फरक संपला. मद्य व पेट्रोल त्याबाहेर राहिले आणि सीमेवरील आकर्षणही त्यांच्यापुरतेच उरले. कराने निर्माण झालेला फरक कायद्याच्या एका कलमाने मिटू शकतो. वेतनाने निर्माण झालेला फरक मिटण्यास पिढ्या लागतात. जोहोरच्या वेतनमानात सुधारणा होत जाईल, तसतसे तेथील जेवण सिंगापूरकरांना महाग वाटू लागेल. शेजाऱ्याची स्वस्ताई संपणे हे ग्राहकाचे नुकसान असले, तरी पहाटे चार वाजता घर सोडणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने ते विकासाचे लक्षण ठरेल, हे सीमापार पर्यटनाचे मूल्यमापन करताना लक्षात ठेवणे आवश्यक आहे.